गफूरभाईंचा तक्ता

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आणि गफूरभाईंचं चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. भिंत आपली म्हणायची. आवाज अडवायचं काम तिने एक दिवस केलं नाही. त्यांच्याकडे चहात साखर कमी पडली तरी मला इकडे कळायचं. अठ्ठावीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून मशीन चालवलं, आणि अठ्ठावीस वर्षं पलीकडून माझ्या कानावर एकच व्याख्यान पडत राहिलं: माणसाला दिसतं कसं. नववीला विज्ञानात मी काठावर पास झाले होते. आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तर सूर्यापासून मेंदूपर्यंतचा सगळा रस्ता मी मधल्या थांब्यांसकट सांगेन.

माणूस उंच, काटकुळा, दाढी मेंदीने रंगवलेली. खिशात पेन नसायचं, तीन बारके स्क्रू-ड्रायव्हर असायचे. चष्म्याचा दुकानदार, पण स्वतःच्या चष्म्याची डावी दांडी दोऱ्याने बांधलेली. दोरा माझा, तोही मागून नेलेला. "अहो, लोक काय म्हणतील?" म्हटलं की म्हणायचे, "डॉक्टर कधी स्वतःचं ऑपरेशन करतो का, ताय?" दुकानाच्या पाटीवर नाव होतं, ते खाऱ्या वाऱ्याने खाल्लं. आत एका परदेशी बाईचं पोस्टर होतं, काळा चष्मा लावून हसणारी. उन्हाने तिचा रंग उडून ती बिचारी निळी पडली होती. बदला की ते, असं मी शंभरदा सांगितलं. पण तिच्यावरही त्यांचं व्याख्यान तयार. उजेडाच्या कणांनी तिचा लाल रंग कसा आधी फोडला आणि निळा का शिल्लक ठेवला, हे गिऱ्हाइकाला दाखवायला ती लागायची म्हणे.

तरुणपणी काही वर्षं ते कुवेतला होते, भिंगं घासायच्या कारखान्यात. तिथल्या कुणा म्हाताऱ्या डॉक्टरने त्यांना हे सगळं शिकवलं. इतर लोक कुवेतहून टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेटं घेऊन आले. हे व्याख्यान घेऊन आले आणि गावाने ते जन्मभर ऐकलं.

कुणी येऊन म्हणायचं, "भाई, जवळचं दिसत न्हाय."

"काय दिसत न्हाय ते मागनं. आधी दिसतं कसं ते आयक. बस."

झालं. वीस मिनिटं गेली. उजेड म्हणजे धार नव्हे, उजेड म्हणजे कण. इतके बारीक की त्यांना वजन नाही. सूर्यावरून निघतात, आठ मिनिटं धावतात, समोरच्या वस्तूवर आपटतात आणि उसळून तुझ्या डोळ्यात शिरतात. आत मागच्या बाजूला पडदा असतो. पडद्यात कोट्यवधी पेशी, आणि पेशीत वाकडी कडी. कण आपटला की कडी खाडकन सरळ होते. त्या एका खटक्याची वर्दी तारेतून मेंदूला जाते, आणि मेंदू ठरवतो की समोर काय आहे. "डोळा बघतो हा तुझा गैरसमज हाय. तू बघत न्हाईस. तुला दाखवलं जातं." एवढं म्हणून ते चष्मा काढून पुसायचे. ही पुसायची जागासुद्धा ठरलेली होती.

एकदा जनाबाईला त्यांनी गाठलं. जनाबाई म्हणजे भरडखोलहून मासळीची पाटी घेऊन येणारी; आवाज असा की तिने बाजाराच्या एका टोकाला भाव सांगितला तर दुसऱ्या टोकाचं मांजर उठायचं. ती पाटी उतरवून पापलेट दाखवत होती आणि हे सुरू झाले. "जना, हा कण सूर्यावरनं निघाला, आठ मिनिटं धावला, तुझ्या पापलेटावर आपटला आणि माझ्या डोळ्यात घुसला. म्हणून मला पापलेट दिसलं."

जनाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिसलं ना? मग घे. न्हायतर तुझे कण गोळा कर आन् मला पाटी उचलू दे."

मी इकडे इतकी हसले की बाहीवर उलटी शिवण घातली.

पण गफूरभाईंची खरी मालमत्ता म्हणजे तो तक्ता. डोळे तपासायचा, मराठी अक्षरांचा; वर गलेलठ्ठ 'म', खाली उतरत उतरत मुंगीएवढी शेवटची ओळ. तो भिंतीवर टांगलेला, आणि त्याच्या बरोबर समोर गिऱ्हाइकांचं बाकडं. आता बोर्लीच्या माणसाला बाकडं दिसलं की बसायचंच असतं. काम असो नसो, बाजाराला आलेला माणूस गफूरभाईंच्या बाकड्यावर टेकायचा, गप्पा हाणायचा, पेपर वाचायचा, आणि डोळ्यासमोर कायम तो तक्ता. वर्षानुवर्षं. देवळातल्या आरतीचं तिसरं कडवं लोकांना आठवत नाही, पण तक्त्याची शेवटची ओळ अख्ख्या पंचक्रोशीला तोंडपाठ. व ल ह त र क न ग. मी तर त्या बाकड्यावर कधी धड बसलेही नाही, पण भिंतीतून ऐकून ऐकून मलाही पाठ. मशीनच्या ठेक्यावर बरोब्बर बसते ती ओळ.

यातून व्हायचं ते झालं. महादू म्हणून आमच्याकडचा एक, उरणला कंटेनरच्या बंदरात ट्रेलर चालवायचा. शिमग्याला गावी आला तेव्हा बायकोने त्याला ढकलत डोळे तपासायला आणलं. महादूने खुर्चीत बसून वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता धडाधड म्हणून दाखवला, दोन्ही डोळ्यांनी. गफूरभाई खूष. "वाघाचे डोळे हायत तुझे. जा." वाघ बाहेर पडला, टेम्पोत बसला, मागे घेतला आणि गफूरभाईंची दारातली स्कूटर आडवी केली. उतरून डोळे बारीक करत विचारतो, "कुणाची म्हैस होती काय?"

गफूरभाई स्कूटरकडे गेलेच नाहीत. महादूला कॉलर धरून आत आणला, तक्त्याकडे पाठ करून उभा केला आणि म्हणाले, "वाच." महादूने पाठमोऱ्याने अख्खा तक्ता वाचला. मग त्यांनी बाकड्यावरच्या पाच जणांना तसंच उभं केलं. पाचही जण पास.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खरे चिडलेले ऐकले. "हरामखोरा, जे दिसत न्हाय त्याला दिसत न्हाय म्हणायला लाज कसली? न दिसणं हा डोळ्याचा गुन्हा हाय. दिसतं म्हणालास तर तुझा." महादू मान खाली घालून उभा. त्याला जाड भिंगांचा चष्मा लागला. पहिल्या दिवशी तो लावून बाजारभर हिंडला आणि झाडांना सुटी सुटी पानं असतात हे ज्याला त्याला सांगत सुटला.

आता शहाण्या माणसाने नवा तक्ता आणला असता. पण गफूरभाई एका गोष्टीवर खर्च करतील तर शप्पथ. त्यांनी तोच तक्ता उलटा टांगला. 'म' खाली, मुंग्या वर. मी म्हटलं, "अहो, लोकांनी शीर्षासन करायचं का?" तर म्हणे, "डोळ्याच्या पडद्यावर सगळं उलटंच पडतं, ताय. मेंदू सुलटं करून घेतो. करू दे की त्याला जरा काम." दीड वर्ष लोकांनी माना वाकड्या करून वाचलं. मग तोही पाठ झाला, आणि तक्ता मुकाट्याने पुन्हा सरळ झाला. त्यानंतर ते अक्षरांवर बोट ठेवून मधलीच कुठलीतरी विचारायला लागले.

अजून एक आठवण सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका वर्षी किनाऱ्यावर मोठं वादळ झालं, त्यानंतर आमच्याकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. संध्याकाळी साडेसातलाच बाजार काळा ठिक्कर. गफूरभाईंनी बाकडं उचलून रस्त्यावर आणलं आणि आम्हा सगळ्यांना आकाशाखाली बसवलं. मोबाइल लावायचा नाही, बिडी ओढायची नाही. अर्धा तास नुसतं बसायचं. "सरळ झालेल्या कड्या परत वाकड्या व्हायला येळ लागतो. घाई करू नका." जनाबाई म्हणाली, ह्याने आता अंधाराचंपण दुकान काढलं. पण अर्ध्या तासाने खरंच आकाश चांदण्यांनी भरून गेलं. मग त्यांनी एक बारीक चांदणी दाखवली. मी नीट रोखून बघितलं की ती गायब.

"रोखून बघू नको," ते म्हणाले. "जरा बाजूला बघ. तिच्याकडे न्हाय, तिच्या शेजारी."

मी शेजारी बघितलं, आणि चांदणी आली. परत रोखलं, गेली. बाजूला बघितलं, आली. मी मेली पोरीसारखी खेळत बसले. त्यांनी सांगितलं, पडद्याच्या मधल्या पेशी भरपूर उजेडातल्या. बारीक अक्षर, रंग, माणसाचा चेहरा हे त्यांचं काम. थोड्या उजेडात त्या कुचकामी. कडेच्या पेशींना रंग कळत नाही, बारीक कळत नाही, पण एकेक कणसुद्धा त्या वेचून घेतात. "म्हणून जे दिसत न्हाय ना ताय, त्याच्याकडे बाजूला बघून बघायचं."

हे मी ऐकलं होतं. माझ्या या कानांनी ऐकलं होतं. तरी पुढे मला कळू नये म्हणजे कमाल आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या दुकानांच्या समोर, रस्त्यापलीकडे एक ब्युटी पार्लर निघालं. चालवणारी मुलगी म्हसळ्याची, तरतरीत. आणि त्याच सुमारास गफूरभाईंना एक वाईट खोड लागली. आपण त्यांच्याशी बोलतोय, आणि हे आपल्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याकडे बघतायत. डोळ्याला डोळा म्हणून देत नाहीत. बाजार तो बाजारच. कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याला आता पार्लर दिसायला लागलं. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलता मुलगा नासिर शारजात. मी दोनतीनदा दुर्लक्ष केलं. मग एक दिवस तोंडावर सांगितलं, "गफूरभाई, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं. या वयात शोभत नाही." ते हसले आणि म्हणाले, "बरं, ताय." आणि परत खांद्यावरून पलीकडे बघितलं.

कामही ते टाळायला लागले. कुणी नंबर काढायला आलं की "मशीन बिघडलंय, श्रीवर्धनला जा." मशीन कसलं? जन्मभर तोच तक्ता आणि भिंगांची पेटी. चष्म्याचा स्क्रू बसवायचे, नाकावर टेकणारी नाकाडं बदलायचे आणि व्याख्यान मात्र द्यायचे. मला वाटलं, आळस. पोरगा पैसे पाठवतोय, कशाला करतील काम.

एकच नेम चुकला नाही. रोज सकाळी दहाला शटर वर गेलं की भिंतीतून आवाज यायचा: "उजवा." मग अख्खा तक्ता, 'म'पासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग "डावा." परत तक्ता. मग "अल्हम्दुलिल्लाह", आणि चहाची ऑर्डर. कुणी उदबत्ती लावून दुकान सुरू करतं, हे तक्ता वाचून करायचे. त्या आवाजावर मी माझं घड्याळ लावायचे.

तर पार्लर निघून चार वर्षं झाली, त्या वर्षीची रमजान ईदेच्या आधीची गोष्ट. तक्त्याच्या कडा दमट हवेने पार फाटल्या होत्या, झालरी लोंबत होत्या. माझ्या मनात आलं, ईदेला याला मागून अस्तर लावून कडेने पायपिंग करून द्यावं. आमच्या बाजारात शेजाऱ्याच्या दुकानाची एक चावी आपल्याकडे असतेच. ते संध्याकाळी रोजा सोडायला घरी गेल्यावर मी शटर उघडून तक्ता काढून आणला. सकाळी ते यायच्या आत टांगायचा बेत होता, पण एका नवरीचे ब्लाउज आले आणि उशीर झाला. दहा वाजले तेव्हा तक्ता माझ्या मशीनवर, सुईखाली, सोनेरी पायपिंग अर्धवट लागलेली.

शटर वर गेलं. खुर्ची सरकली.

"उजवा," भिंतीतून आवाज आला. आणि मग स्वच्छ, खणखणीत, न अडखळता: म... आणि पुढचं सगळं. शेवटची ओळसुद्धा. व ल ह त र क न ग. 'ल' माझ्या सुईखाली होता.

"डावा." परत सगळं. "अल्हम्दुलिल्लाह."

माझा पाय पॅडलवरच राहिला. आणि खरं सांगते, मला आधी राग आला. बाकीचं सगळं मागून. मी पायपिंगचा दोरा दाताने तोडला आणि तक्ता हातात घेऊन त्यांच्या दुकानात शिरले.

"काय वाचलंत आत्ता?"

"तक्ता."

"कुठला?"

"हा काय भिंतीवरचा."

"भिंतीवर खिळा आहे फक्त. तक्ता माझ्या हातात आहे."

त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले. मग हळूच विचारलं, "कधी काढलास?"

"काल संध्याकाळी."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, महिना झाला की काय."

मी बाकड्यावर बसले. मला रडू येत होतं आणि त्यांना मारावंसंही वाटत होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. आधी डावा, मग उजवा. दुखत नाही, खुपत नाही. मुंबईला एका मोठ्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आले होते. गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा, एवढंच तो म्हणाला. "कण तेवढेच येतात, ताय. सूर्य काय माझ्यावर रुसलेला न्हाय. मधले झेलणारे गेले. कडेचे हायत. सरळ बघितलं की मधे नुसतं धुकं. बाजूला बघितलं की जरा जरा दिसतं."

बाजूला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि लाजेने मेल्यासारखं झालं. हा माणूस चार वर्षं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता तो मी दिसावं म्हणून. आणि मी त्याला पार्लरवरून झापलं होतं!

"आणि लोकांचे नंबर?" मी विचारलं.

"तीन वर्षांत एकाचा काढला न्हाय. सगळे श्रीवर्धनला पाठवले. महादूला शिव्या घातल्यात मी, ताय. तेवढी अक्कल हाय."

"मग रोज वाचता कशाला?"

"एखाद्या सकाळी दिसंल म्हणून." मग घाईने म्हणाले, "नासिरला सांगू नको. त्याला कळलं की तो मला उचलून शारजाला नेईल. चौदाव्या मजल्यावर. तिथं मी काय करू? मला हितं खुर्ची कुठं हाय, नळ कुठं हाय, कोण खोकतंय, सगळं दिसतं. हे दुकान हाय तवर मी आंधळा न्हाय. तिथं पहिल्या दिवशी होईन."

मी शपथ घेतली. कुणाला म्हणून सांगणार नाही.

फक्त जनाबाईला सांगितलं.

बास, दोन दिवसांत बाजाराला कळलं. पण एक गोष्ट मी बोर्लीबद्दल कबूल करते. एरवी कुणाच्या घरातलं भांडं पडलं तरी सात वाड्यांत वाजतं, पण ही गोष्ट गफूरभाईंपर्यंत परत आली नाही. बदललं ते एवढंच की लोक अचानक सभ्य झाले. बाकड्यावर येणारा प्रत्येक जण दारातूनच आपलं नाव सांगायला लागला. "महादू आलोय, भाई." "मी जना गो, आज सुरमई हाय, ताजी." पार्लरची पोरगी रस्ता ओलांडून येताना म्हणायची, "मी समोरची, चाचा." आठवड्याभराने गफूरभाई मला म्हणाले, "ताय, गावाला काय झालंय? सगळे शाळेत हजेरी दिल्यागत बोलतात." मी म्हटलं, रमजानचा परिणाम असेल. ते म्हणाले, "मग हिंदूंना कसा झाला?"

असं वर्षभर रेटलं. मग नासिर आला.

पोरगा वाईट नाही. फोनवर वडिलांना व्हिडिओ लावायचा तेव्हा दर वेळी पडद्यावर एक कानच दिसतो, हे त्याच्या बायकोच्या लक्षात आलं होतं. चांगली आहे त्याची बायको, पण हे लक्षात यायची गरज नव्हती. सकाळी अकराला तो दुकानात आला तो हातात टॅब घेऊन. बाकड्यावर सुट्टीला आलेला महादू आणि दोघेतिघे. जनाबाई पाटीसकट दारात. मी अर्थातच हातातलं शिवण टाकून आलेली. नासिर आल्याची वर्दी सगळ्यांना लागली होती.

"अब्बा, एक छोटी टेस्ट," नासिर म्हणाला. "तक्ता नको. तो मलाही पाठ आहे." त्याने टॅब समोर उभा धरला. त्यावर आकडे, दर वेळी नवे. "हा कुठला?"

गफूरभाई टॅबच्या बाजूला, दाराकडे बघत बसले. तेवढ्यात नासिरच्या पाठीमागे महादू उठला आणि चार बोटं वर केली. मी कपाळावर हात मारला. ज्याला दिसत नाही त्याला हा बोटं दाखवतोय! पण जनाबाईला अक्कल जास्त. तिने तिथूनच रस्त्याकडे तोंड करून आरोळी ठोकली, "चार घ्या, चार! पापलेट चार!"

"चार," गफूरभाई म्हणाले.

नासिरने बोट फिरवलं. नवा आकडा.

"सातच रायली! सुरमई सात!"

"सात," गफूरभाई म्हणाले. त्यांच्या दाढीत काहीतरी हललं.

नासिर काही मूर्ख नव्हता, बोर्लीतच वाढलेला. त्याने मागे वळून बघितलं. जनाबाई पदराने पाटी झाकत होती, महादू स्वतःची बोटं मोजत होता. त्याने परत आकडा बदलला. जनाबाईने तोंड उघडलं.

"बस, जना," गफूरभाई म्हणाले. "कॉपी बंद."

त्यांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मुलाकडे अगदी सरळ तोंड केलं.

"नासिर, मला टॅब दिसत न्हाय. तुझे दोन कान दिसतात. मधला तू न्हाईस."

मग त्यांनी मान थोडी वळवली, त्या निळ्या पडलेल्या पोस्टरकडे. "आता आलास," ते म्हणाले. "जाड झालास रे."

नासिर खाली बसला. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला, एवढा बाप्या माणूस. मग दोघं बोलले, आम्हाला बाहेर काढून. आम्ही माझ्या दुकानात प्लायवूडला कान लावून उभे. "मी हितं ठीक हाय," असं ते एकदा म्हणाले. नासिर म्हणाला, "आणि पडलात तर? मी तिकडून येईपर्यंत?" मग गफूरभाईंचा आवाज आला, "बरं, चल."

मला इतका संताप आला म्हणता! अख्ख्या बाजाराने वर्षभर जीव टाकून त्यांना परीक्षेत पास करत आणलेलं, आणि म्हाताऱ्याने शेवटच्या पेपराला खरं लिहिलं. मी रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना बोललेही, "जरा गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "महादू समोर बसला होता, ताय."

निघायच्या दिवशी गाडी सकाळी दहालाच आली. शटर खाली होतं. तक्ता, सोनेरी पायपिंगवाला, त्यांनी मला देऊन टाकला होता. म्हणाले, तुझ्या गिऱ्हाइकांना माप देताना वाचायला होईल. गल्ली भरली होती. महादू खास उरणहून आलेला, जनाबाईने केळीच्या पानात बांधून सुके बोंबील दिले, नासिर विमानाचं काहीतरी सांगायला गेला तर तिने त्यालाच गप्प केलं. मी माझ्या दारात उभी राहिले. पुढे जावंसं वाटेना. रुसलेच होते मी.

गफूरभाई गाडीत खिडकीशी बसले. काच खाली. त्यांनी तोंड आमच्या बाजूला फिरवलं आणि बघत राहिले. बाजूला कुणीतरी हुंदका देऊन म्हणालं, "बघा, बंद दुकानाकडे बघतायत. जीव अडकलाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. नजर खरंच त्यांच्या शटरवरच होती.

पण त्यांचं शटर आणि माझं दार यांत अंतर ते किती? हातभर. ते दुकानाकडे बघत नव्हते. मी रुसवा सोडून सरळ उभी राहिले, पदर नीट केला, डोळे पुसले, आणि हलले नाही.

"ताय," ते शटरकडे बघत म्हणाले, "साडी नवी नेसलीस?"

"हो."

"हिरवी हाय ना?"

साडी डाळिंबी होती. रंग ओळखणारे मधेच बसलेले असतात, हे मला अठ्ठावीस वर्षं ऐकून पाठ होतं.

"हिरवीच," मी म्हटलं.

ते हसले, मान हलवली, आणि गाडी पार्लरवरून वळून श्रीवर्धन रस्त्याला लागेपर्यंत तसेच शटरकडे बघत राहिले. मग मी आत जाऊन मशीनवर बसले.